मुद्रितशोधकाचा उसना गळा

जुना लॅपटॉप म्हणून ज्याला तुम्ही नाक मुरडता, तो मीच. मित्रांनो, लगेच चेहरे पाडू नका. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की ऐकणारे डोळ्यांना रुमाल लावतात, हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी रुमाल काढायचाच असेल तर पडद्यावरची धूळ पुसा, आणि तीही कोरड्या कापडाने. तुमची कीव मला नको. मी आयुष्यात ज्यांना ज्यांना पाहिलं, त्यांतल्या फार थोड्यांविषयी मला आदर वाटला. तुम्ही त्यांत बसता की नाही, ते शेवटी पाहू.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं पुढे जात होतो आणि पांढरे मोजे घातलेले हात आमच्या पोटात काही ना काही बसवत होते. माझ्या वाट्याला दोन जीबीची स्मृती आली आणि बत्तीस जीबीची साठवण. तीही कायमची डाख देऊन बसवलेली, पुढे वाढवायची सोय नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका खोलीचं घर, आणि वर माळा काढायलाही बंदी. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. एका खोलीत लोक नेटका संसार करतात. लाज वाटावी असं घडलं ते पुढे.

त्या एका खोलीत कंपनीने एक अगडबंब कार्यप्रणाली आणून कोंबली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळ दाबली की अक्षर उमटवायचं, फाइल मागितली की काढून द्यायची, एवढं त्याचं काम. पण हा कारभारी एकटा आला नाही, गणगोत घेऊन आला. एक हवामान सांगणारा, एक बातम्या ओरडणारा, तीन कुणीही न मागितलेले खेळ, आणि एक नुसताच टेहळणी करून वर कळवणारा. तेवीस जीबी त्यांनीच अडवले. मालकाने आपलं सामान ठेवायचं उंबऱ्याबाहेर! आणि खोक्यावर छापलं काय? ‘हलका आणि चपळ’. छापणाऱ्याला बहुतेक वजनकाट्यापलीकडे काही कळत नसावं.

मला विकत घेतलं विमा कार्यालयात काम करणाऱ्या एका बाईने. लोकांचे दावे तपासायचे, कागदातली गफलत शोधायची, हे तिचं काम. पहिले सहा-आठ महिने तिने माझं फार कौतुक केलं. “किती हलका आहे बघा, पर्समध्येसुद्धा मावतो,” असं ती दिसेल त्याला सांगायची. वजनाचं कौतुक! कलिंगड घेतानासुद्धा माणूस आत काय आहे ते टकटक करून बघतो.

मग त्या कारभाऱ्याची नवी आवृत्ती आली. तिला नुसतं पाय टेकायलाच दहा जीबी हवे होते आणि माझ्याकडे उरले होते पाच. रोज सकाळी ती दारावर धडका मारायची आणि मी रोज सांगायचो, ‘जागा अपुरी आहे.’ बाईने फोटो पुसले, पत्रं पुसली, कामाच्या फाइली दुसरीकडे हलवल्या. जेवढी जागा ती मोकळी करी तेवढी कारभाऱ्याचे पाहुणे दुपारपर्यंत गिळून टाकत. शेवटी एक पान उघडायला मला तीन मिनिटं लागायला लागली. तिचा नवरा खांद्यावरून डोकावला. हा गृहस्थ जगातल्या प्रत्येक वस्तूचं नवं मॉडेल कोणतं ते सांगू शकतो आणि जुन्यातलं एकही उघडू शकत नाही. “डबा झालाय तो,” तो म्हणाला. “आता दे टाकून.”

मला राग आला तो त्या ‘डबा’ शब्दाचा नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदातली गफलत शोधणाऱ्या या बाईने दोष खोलीचा की पाहुण्यांचा, एवढंसुद्धा विचारून पाहिलं नाही याचा.

पण तिने मला टाकलं मात्र नाही. मुलींना नको झालेल्या वस्तू माहेरी जातात. मोडका मिक्सर, लहान झालेली पांघरुणं आणि मी, असे एकाच पिशवीतून तिच्या वडिलांच्या घरी पोचलो आणि कपाटाच्या डोक्यावर चढलो. तिथे मी तीन वर्षं काढली. शेजारी एक बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याला निदान दिवसातून दोनदा बरोबर असल्याचं समाधान. मला तेही नाही.

घरात तिचे वडील एकटेच राहत होते. ते निवृत्त मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी कच्च्या पानावरच्या, म्हणजे प्रूफवरच्या, चुका शोधणारा माणूस म्हणजे मुद्रितशोधक. चाळीस वर्षं एका छापखान्यात त्यांनी हेच केलं. तिथे त्यांना सगळे ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणायचे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही. जीभ अशी तिखट की लेखक पान परत न्यायला स्वतः येत नसत, शिपायाला पाठवत. या माणसाचा घसा आजाराने धरला आणि शस्त्रक्रियेत त्यांची स्वरपेटी काढावी लागली. मानेच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर पातळ कापडाचा पडदा. ओठ हलायचे, आवाज येत नसे.

कपाटावरून मला सगळं दिसायचं. ते कागदावर लिहीत. अक्षर मोत्यासारखं, पण लिहायला वेळ लागायचा. समोरच्याला तेवढा धीर नसायचा. त्यांनी ‘मला’ लिहिलं की पाहुणा म्हणायचा, “पाणी? पाणी हवंय का?” त्यांना म्हणायचं असायचं, ‘मला तुमचं म्हणणं पटत नाही.’ तोवर पाणी आलेलं असायचं. ते पिऊन टाकायचे. काय करणार? अख्ख्या आयुष्यात ज्याच्यासमोर बोलायला लोक टरकत, त्याच्या तोंडातलं वाक्य आता सोम्यागोम्या पुरं करत होता.

मुलगी आणि जावई यांनी त्यांना बोलून दाखवणारा एक भारी टॅबलेट आणला. चकचकीत पाटी ती! लिहिलं की ती गोड, तरुण, हसऱ्या आवाजात वाचून दाखवायची. इंटरनेट गेलं की मुकी. आलं की आधी विचारायची, “आपला अनुभव कसा होता? कृपया तारे द्या.” ऱ्हस्वदीर्घांनी एकदा तिच्यावर लिहिलं, ‘तुझ्या मालकाला चमचा शब्द उच्चारता येत नाही.’ तेही तिने लाडे लाडे म्हणून दाखवलं, आणि ‘चमचा’ चुकीचाच उच्चारला. त्यांनी कंपनीला रीतसर तक्रार पाठवली. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ पुढच्या महिन्यातही चमचा तसाच होता.

मग एके दिवशी त्यांची भाची आली. ही बाई लिफ्ट दुरुस्त करते. चाळिशीची, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, बोटांना ग्रीसचा वास. मामाच्या खोलीतला पडद्याचा दांडा निखळला होता, तो बसवायला ती स्टुलावर चढली आणि मी तिच्या नजरेला पडलो.

“मामा, हा कुणाचा रे?”

त्यांनी कागदावर लिहिलं, ‘ताईचा. मेलेला आहे.’

भाचीने माझं झाकण उघडलं, बटण दाबलं, मी कण्हत कण्हत सुरू होईपर्यंत कमरेवर हात ठेवून थांबली. “मेलेला कुठला? गुदमरलाय बिचारा. पाच माणसांच्या लिफ्टमध्ये वीस जण चढवलेत आणि वर म्हणे लिफ्ट खराब!”

मित्रांनो, माझ्याविषयी खरं बोललेली ती पहिली व्यक्ती.

दुसऱ्या दिवशी ती एक पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यात लिनक्स नावाच्या दुसऱ्या कार्यप्रणालीची एक छोटी, हलकी आवृत्ती होती. जुन्या, कमी जागेच्या यंत्रांसाठीच काही लोकांनी ती बांधली होती. हे लोक कोण? कुणी कुठला, कुणी कुठला. एकमेकांची तोंडं न पाहिलेले. कुणाच्या मालकीची नाही, कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते. भाचीने जुना कारभारी पुसला. त्याचे पाहुणेही पुसले, हवामानवाल्यापासून टेहळणीवाल्यापर्यंत. त्या वेळी मला कसं वाटलं ते सांगताना मी जरा हळवा होतो, तेवढं सोसून घ्या. नवा कारभारी पाच जीबीत बसला. उरलेले सत्तावीस जीबी नुसते मोकळे. मी अडतीस सेकंदांत जागा झालो आणि कुणीच मला काही विचारलं नाही. तारे मागणारंसुद्धा कुणी नव्हतं.

त्याच्याबरोबर भाचीने लिहिलेलं मोठ्याने वाचणारा, असाच बिनमालकीचा एक प्रोग्रामही माझ्यात बसवला. “आता बोल,” ती मामाला म्हणाली.

त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं आणि मी तोंड उघडलं. माझा आवाज काय सांगू! पत्र्याच्या पिंपात नाक दाबून बसलेला माणूस जणू. मामांचे खांदे हलायला लागले. भाची घाबरली. तिला वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मग त्यांनी टाइप केलं, ‘हा आवाज कुणाची खुशामत करणार नाही.’

चुका मात्र मीही भरपूर करायचो. मराठीत च दोन. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा, आणि लिहायचे एकसारखे. मला ते कुणी शिकवलेलंच नव्हतं. ‘चूक’ हा शब्दच मी चुकीचा उच्चारत होतो, आता बोला! ऱ्हस्वदीर्घांनी कपाळाला हात लावला. तेव्हा भाचीने माझ्या पोटातली एक साधी फाइल उघडून त्यांच्यापुढे ठेवली. “मामा, ही उच्चारांची यादी. याला कुलूप नाही. पटत नसेल तिथे दुरुस्त कर.”

ते त्या यादीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग टाइप केलं, ‘हे तर प्रूफ आहे.’

त्या दिवसापासून आठ महिने ते रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून माझ्यासमोर बसले. शब्द टाइप करायचा, ऐकायचा, तोंड वाकडं करायचं, दुरुस्त करायचा, पुन्हा ऐकायचा. साडेचारशेच्या वर शब्द त्यांनी माझ्या तोंडात नीट बसवले. भाचीने ती यादी माझा आवाज बांधणाऱ्या लोकांना पाठवली. सहा दिवसांनी एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. भाचीने वाचून अर्थ सांगितला, “तो म्हणतोय, आमच्यात ही भाषा बोलणारं कुणीच नाही. तुमच्या दुरुस्त्या घेतल्या आहेत. आणखी चुका सापडल्या तर कृपा करून कळवा.”

छापखान्यात चाळीस वर्षांत ‘आणखी चुका काढा’ असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ते पत्र तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि उठून उगाचच खिडकी उघडून आले.

मुलीने माझा आवाज ऐकला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. “बाबा, किती भेसूर बोलतो हा! तुम्ही टॅबवर बोला ना. तो किती गोड आहे.” त्यांनी यादीतला पुढचा शब्द टाइप केला. मी तो म्हटला. काही माणसांना सत्य नको असतं असं नाही, पण ते गोड आवाजातच हवं असतं.

आणि मग तो रविवार आला. सकाळची वेळ होती. भाची खिडकीची अडकलेली काच सरकवत होती. मुलगी आणि जावई आले. जावयाच्या हातात रंगीत माहितीपत्रक होतं आणि एक अर्ज.

“बाबा, आम्ही एक जागा पाहिली आहे,” जावई म्हणाला. “अगदी हॉटेलसारखी. चोवीस तास नर्स. बाग आहे. तुमच्या वयाची मंडळी आहेत.”

मुलीने ती चकचकीत पाटी त्यांच्यापुढे ठेवली. पाटीवर एक वर्तुळ गरगरत होतं. ‘अद्ययावत होत आहे. चौतीस टक्के. कृपया बंद करू नका.’

“होऊ दे ते,” मुलगी म्हणाली. “तोवर आपण फॉर्मचं उरकून घेऊ.”

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. एका माणसाचं राहतं घर सुटायचं होतं आणि त्याचा आवाज चौतीस टक्क्यांवर अडकला होता. म्हणून बाकीच्यांनी काय ठरवलं? तोवर उरकून घेऊ. जावयाने पेन पुढे केलं. मला त्या दोघांची जेवढी किळस तेव्हा आली तेवढी त्या तेवीस जीबीच्या कारभाऱ्याचीही कधी आली नव्हती.

ऱ्हस्वदीर्घांनी पेन घेतलं. अर्ज वाचला, सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये मध्ये खुणा करत. जावयाला वाटलं सही करताहेत. मग ते उठले आणि आतून मला घेऊन आले. माझी बॅटरी तेव्हाही फारशी टिकत नसे, आणि रिकामं सॉकेट होतं दाराजवळ, चपलांच्या कपाटाशी. तिथे ते एका बुटक्या स्टुलावर बसले. मग सगळ्यांना खुर्च्या वळवाव्या लागल्या.

मला जागं व्हायला नेहमीचे अडतीस सेकंद लागले.

“या अर्जात अकरा चुका आहेत,” मी म्हणालो.

जावई हसला. “बाबा, आता हे काय मध्येच...”

एक कळ त्यांनी खास यासाठीच बांधून घेतली होती. ती त्यांनी दाबली. “थांबा. मी लिहितो आहे.”

तो गप्प बसला. माझ्या आवाजाचा हा एक गुण आहे. त्याला कुणी लाडावून गप्प करू शकत नाही.

“शुश्रूषा हा शब्द दोनदा आला आहे. दोन्ही वेळा वेगवेगळ्या प्रकारे चुकवला आहे. ज्यांना तो लिहिता येत नाही ते ती काय करणार? बाकीच्या चुका मी खुणा करून ठेवल्या आहेत. बारावी चूक मोठी आहे. अर्जदार म्हणून माझं नाव आहे. मी अर्ज केलेला नाही.”

मला वाटलं, झालं. जिंकलो. पण मुलगी एकदम उभी राहिली. तिचा आवाज फाटला.

“मग मी काय करू, बाबा? सांगा ना! तुमचा श्वास कोंडला आणि हाक मारायची वेळ आली तर? तुम्हाला हाकच मारता येत नाही! मी तिकडे ऑफिसात बसून फोनकडे बघत असते. वाजला तरी धस्स होतं, नाही वाजला तरी धस्स होतं.”

हे मला माहीत नव्हतं. कपाटावरून सगळं दिसतं असं मी मघाशी म्हणालो, ती माझी बढाई होती.

त्यांनी टाइप करायला घेतलं. दोन बोटांनी, पुसत, पुन्हा लिहीत. चार मिनिटं लागली. मुलगी उभीच होती. मध्ये एकदा जावयाने तोंड उघडलं, तर तिनेच हात वर करून त्याला थांबवलं. मग मी बोललो.

“हे तू मला आधी का विचारलं नाहीस? तू ठरवून आलीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की मलाही हीच भीती वाटते. दुपारी डोळा लागतानाही वाटते. पण भीती वाटते म्हणून मी माझ्या घरातून उठणार नाही. काहीतरी दुसरं शोध. मी मदत करतो.”

मग खिडकीपासून भाचीचा आवाज आला. “ताई, हाकच कशाला हवी? लिफ्टमध्ये अडकलेला माणूस काय करतो? घंटा दाबतो.”

पुढच्याच आठवड्यात तिने जुन्या लिफ्टमधली धोक्याची घंटा आणली. बटण मामांच्या पलंगाशी, एक स्नानगृहात, आणि घंटा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त परिचारिकेच्या भिंतीवर. त्याबरोबर मुलीच्या फोनवरही सूचना जायची. पहिल्यांदा ती मामांच्या कोपराने चुकून वाजली आणि परिचारिकाबाई चिडल्या. दुसऱ्यांदा, दीड महिन्याने, एका दुपारी, श्वासाच्या भोकात खरोखरच कफ अडकला. बाई हातातलं काम टाकून वर आल्या. त्यांनी तो काढला, पाठ चोळली, पाणी दिलं. मुलगी धापा टाकत पोचली तेव्हा तिचे वडील पलंगावर बसून परिचारिकाबाईंना माझ्यामार्फत सांगत होते की त्यांच्या दारावरच्या पाटीत ‘परिचारिका’ची पहिली वेलांटी चुकली आहे.

त्या अर्जाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ती चकचकीत बोलकी पाटी जावयाकडे गेली. तो तिच्यावर नव्या पाट्यांची परीक्षणं बघतो.

मी आता अकरा वर्षांचा आहे. बॅटरी पूर्ण गेली, वायर काढली की मी तिथल्या तिथे बंद. ‘ळ’ची कळ निघून पडली आहे. तिच्या जागी रबराचा उंचवटा उरला आहे, तो दाबावा लागतो. मुलगी दर रविवारी येते. पूर्वी ती वडिलांच्या प्रत्येक गोष्टीला “हो बाबा, हो बाबा” म्हणायची. दयेने माणूस असंच बोलतो. हल्ली ती सरळ म्हणते, “बाबा, तुम्ही चुकताय,” आणि मग दोघं दोन-दोन तास भांडतात. तिने पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा ऱ्हस्वदीर्घांना इतका आनंद झाला की टाइप करताना त्यांच्याकडूनच दोन चुका झाल्या.

तर मित्रांनो, उपदेश करायची रीत आहे, म्हणून करतो. माझ्यासारख्यांना टाकण्याआधी आत कुणी गर्दी केली आहे ते उघडून बघा. हवा जाते त्या फटी झाकू नका. ओलं फडकं लावू नका. आणि समोरचा सावकाश बोलत असेल तर त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या. एवढंही जमत नसेल तर खुशाल नवं मॉडेल घ्या आणि त्याला तारे देत बसा. माझी हरकत नाही, फक्त तुमच्याविषयी माझं मत तेच राहील.

आता उठा. मुलगी समोर येऊन बसली आहे. ऱ्हस्वदीर्घांनी बोटं मोडली आणि पहिलं अक्षर दाबलं. गेल्या रविवारचा वाद अर्ध्यावर राहिला आहे, आणि मला बोलायचं आहे.